समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या आरओचं मॉडेल पहिल्यांदा बनवताय? मग व्हेसलच्या शेवटच्या टोकाकडे लक्ष ठेवा

आरओ म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस : दाब देऊन पाणी मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यातून ढकलायचं, मीठ मागे राहतं. याचं मॉडेल शिकायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाचं पहिलं गणित एकाच जागी फसतं, म्हणून तिथूनच सुरू करते. समजा एका प्रेशर व्हेसलमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या लांब नळीत, एकामागे एक ७ एलिमेंट (मेंब्रेनच्या गुंडाळ्या) आहेत, प्रत्येकात ३७ चौरस मीटर मेंब्रेन, तासाला ९ घनमीटर समुद्राचं पाणी ६० बारने आत सोडलंय. पुस्तकातलं सूत्र घेतलं, पाण्याचा ऑस्मॉटिक दाब, म्हणजे खारटपणामुळे पाणी स्वतःकडे ओढणारा दाब, २७ बारच्या आसपास धरला, मेंब्रेनचा आकडा (पायरी २ मधला ए) टाकला, गुणाकार केला आणि उत्तर आलं की तासाला १०.२ घनमीटर गोड पाणी मिळणार. आत ९, बाहेर १०.२! एक्सेल काही तक्रार करत नाही, पायथन पण करत नाही, आकडा छान दोन दशांशांपर्यंत छापून येतो.

चूक सूत्रात नाहीये. चूक ही की आपण व्हेसलच्या तोंडाशी असलेलं पाणीच सगळीकडे आहे असं धरलं. खरं तर जसजसं गोड पाणी बाजूला निघत जातं तसतसं मागे उरलेलं पाणी खारट होत जातं, त्याचा ऑस्मॉटिक दाब चढत जातो आणि शेवटच्या एलिमेंटपर्यंत पोचेस्तोवर ६० बारमधले फारच थोडे बार कामाचे उरतात. किती वीज लागणार हे ठरतं त्या शेवटच्या टोकाला. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून मी खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्यात. स्प्रेडशीट येत असेल तर पुरे, पायथन येत असेल तर अजून छान.

पायरी १ : कोड लिहायच्या आधी कागदावर तळ काढा

तळ म्हणजे निसर्गाने घालून दिलेली खालची मर्यादा, याच्याखाली कोणतंही मशीन जाऊ शकत नाही. मॉडेलचं उत्तर तळाच्या खाली गेलं तर मॉडेल चुकलंय, विषय संपला, म्हणून हा आकडा आधी हवा.

ऑस्मॉटिक दाब, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला परासरण दाब, काढायला व्हान्ट हॉफचं सूत्र घ्या. एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम मीठ, मिठाचं मोलर वजन ५८.४४, म्हणजे लिटरला साधारण ०.६ मोल. मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात म्हणून गुणिले २. मग गुणिले ०.०८३१४ (वायू स्थिरांक) आणि गुणिले २९८ केल्व्हिन, उत्तर येतं २९.७ बार. खरं द्रावण इतकं आदर्श वागत नाही, त्यासाठी ०.९२ ने गुणा, २७.३ बार. म्हणजे दर ग्रॅम प्रति लिटरला ०.७८ बार, हा आकडा शीटमध्ये वर लिहून ठेवा, सगळीकडे लागणार आहे. (हे निव्वळ मिठाच्या पाण्याचं झालं. खऱ्या समुद्रात मॅग्नेशियम, सल्फेट वगैरे जड मंडळी पण असतात त्यामुळे तेवढ्याच ग्रॅमला दाब थोडा कमी भरतो. उलट खूप खारट ब्राइनमध्ये, म्हणजे गोड पाणी काढून उरलेल्या पाण्यात, हा सरळ रेषेचा हिशोब दोन-तीन बार कमी दाखवतो. सुरुवातीला चालेल, नंतर नीट सूत्र टाका.)

आता दाबावरून वीज. १ बार म्हणजे घनमीटरला १ लाख ज्यूल, आणि १ युनिट वीज, म्हणजे १ किलोवॅट-अवर, म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून बारला ३६ ने भागा, घनमीटरमागे युनिट मिळाले. हे ३६ पाठच करून टाका, इतकं उपयोगी दुसरं काही नाही या विषयात.

मग ५० टक्के रिकव्हरी धरा, म्हणजे आत आलेल्या पाण्याचा अर्धा भाग गोड करायचा. बाहेर पडणारं ब्राइन दुप्पट खारट होतं, त्याचा ऑस्मॉटिक दाब ५४.६ बार. एकाच दाबावर चालणाऱ्या साध्या आरओला निदान एवढा दाब द्यावाच लागतो, कारण शेवटच्या टोकाला त्याहून कमी दाब असेल तर तिथे गोड पाणी बाहेर यायच्या ऐवजी उलटं आत ओढलं जाईल. ५४.६ भागिले ३६, १.५२ युनिट. आणि जर दाब खारटपणाबरोबर हळूहळू वाढवत नेता आला असता, एकदम आदर्श पद्धतीने, तर लागले असते १.०५ युनिट. हे काढायचं सूत्र : सुरुवातीचा ऑस्मॉटिक दाब × ऋण नैसर्गिक लॉग (१ − रिकव्हरी) ÷ रिकव्हरी.

म्हणजे आपल्याकडे दोन तळ झाले, १.०५ हा निसर्गाचा आणि १.५२ हा एका टप्प्याच्या आरओचा. समुद्राच्या पाण्याचे आजचे चांगले प्लांट सगळं धरून, म्हणजे पाणी ओढणं, गाळणं, आरओ आणि नंतरची प्रक्रिया, घनमीटरला ३ ते ४ युनिट घेतात आणि त्यातला आरओचा वाटा २ ते २.५ च्या आसपास असतो. या चार आकड्यांच्या मध्ये किती जागा उरते ते बघा. ऊर्जा वाचवायचं सगळं संशोधन त्याच जागेत चाललंय.

पायरी २ : मेंब्रेनची दोन समीकरणं

पाण्यासाठी : फ्लक्स = ए × (पाण्याच्या दाबाचा फरक − ऑस्मॉटिक दाबाचा फरक).
मिठासाठी : मिठाचा फ्लक्स = बी × (मेंब्रेनला चिकटून असलेली खारटपणाची पातळी − गोड पाण्यातली पातळी).

बस्, एवढंच. ए म्हणजे मेंब्रेनमधून पाणी किती सहज जातं त्याचा आकडा, बी म्हणजे मीठ किती सहज निसटतं त्याचा. फ्लक्स म्हणजे एका चौरस मीटरमधून तासाला किती लिटर, याला या क्षेत्रातले लोक एलएमएच म्हणतात. समुद्राच्या पाण्यासाठीच्या मेंब्रेनचा ए साधारण १ ते २ एलएमएच प्रति बार असतो, मी खाली १.२ घेतलाय. बी ०.०६ एलएमएच घेतलाय. लक्षात घ्या की दाब फक्त पहिल्या समीकरणात आहे, दुसऱ्यात नाही. दाब वाढवला की पाणी जास्त येतं पण मीठ जवळपास तेवढंच येतं, म्हणून जास्त दाबावर गोड पाण्याची क्वालिटी सुधारते. नवीन लोकांना हे उलटं वाटतं, दाबाने मीठ पण ढकललं जाईल असं वाटतं, पण मीठ आपल्या खारटपणाच्या फरकाने जातं.

याला सोल्यूशन-डिफ्यूजन मॉडेल म्हणतात, १९६५ पासून वापरात आहे, सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या मेंब्रेनचा काळ तो. लोब आणि सौरीराजन यांनी १९६० च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या कॅम्पसमध्ये पहिलं उपयोगी मेंब्रेन बनवलं, १९६५ ला कॅलिफोर्नियातल्याच कोअलिंगा गावात मचूळ पाण्याचा पहिला व्यावसायिक प्लांट सुरू झाला, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी कॅडॉट यांचं पॉलिअमाइडचं पातळ थराचं मेंब्रेन आलं जे आजही सगळीकडे चालतं. २०२३ मध्ये मात्र एक महत्त्वाचा पेपर आला की पाणी पॉलिअमाइडमध्ये विरघळून सरकत नाही, बारीक बारीक छिद्रांतून दाबाच्या फरकाने वाहतं. वाद अजून चालू आहे. तुमच्या मॉडेलचं यामुळे काही अडत नाही, कारण ए आणि बी आपण मोजमापातून काढतो, पण त्या ए ला "विरघळण्याचा वेग" असा अर्थ चिकटवू नका.

पायरी ३ : मेंब्रेनलगतचं मीठ

पाणी मेंब्रेनमधून निघून गेलं की मीठ तिथेच मागे साचतं, त्यामुळे मेंब्रेनला चिकटून असलेला थर मधल्या प्रवाहापेक्षा जास्त खारट असतो. हे विसरलात तर मॉडेल कायम आशावादी राहणार. सूत्र सोपं आहे : लगतची पातळी = मधली पातळी × ई (२.७१८) चा (फ्लक्स ÷ के) घात. यातला के म्हणजे साचलेलं मीठ किती वेगाने परत प्रवाहात मिसळतं त्याचा आकडा.

के कुठून आणायचा? एलिमेंटच्या आत मेंब्रेनच्या दोन पानांमध्ये जाळी असते, स्पेसर, साधारण ०.७ ते ०.८५ मिलिमीटर जाड. त्या जाळीतल्या प्रवाहासाठी शॉक आणि मिकेल यांचं १९८७ चं समीकरण फार वापरतात : शेरवुड = ०.०६५ × रेनॉल्ड्सचा ०.८७५ घात × श्मिटचा ०.२५ घात. (तिन्ही एकक नसलेले आकडे : रेनॉल्ड्स प्रवाहाचा, श्मिट पाण्याचा चिकटपणा आणि मिठाचं पसरणं यांच्या गुणोत्तराचा, आणि शेरवुडवरून के निघतो.) वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर, वाटेचा हिशोबी (हायड्रॉलिक) व्यास १ मिलिमीटर धरला तर रेनॉल्ड्स १६० च्या जवळ येतो, श्मिट ६००, शेरवुड २७, आणि के येतो सेकंदाला सुमारे ०.००००४ मीटर, म्हणजे १४४ एलएमएच. के पण एलएमएचमध्येच लिहा, फ्लक्सबरोबर भागाकार करताना एकक चुकायचं कारणच उरत नाही. फ्लक्स १५ असेल तर लगतचं पाणी ११ टक्के जास्त खारट, फ्लक्स ३० असेल तर २३ टक्के. पुढे जाऊन वेग कमी होतो तसा के पण कमी होतो, ते दुसऱ्या फेरीत टाका, पहिल्या फेरीत १४४ स्थिर ठेवा.

पायरी ४ : व्हेसलचे तुकडे करून पुढे चालत जा

हा या सगळ्याचा गाभा आहे, इथे वेळ घालवा. निदान प्रत्येक एलिमेंटचा एक तुकडा करा. पहिल्या तुकड्यात ९ घनमीटर, ३५ ग्रॅम, ६० बार. आता त्या तुकड्याचा फ्लक्स शोधायचा, पण अडचण अशी की फ्लक्स काढायला लगतचा खारटपणा हवा आणि खारटपणा काढायला फ्लक्स हवा. दोघे एकमेकांवर टेकून उभे आहेत. मग अंदाज घ्यायचा, समजा फ्लक्स २७ एलएमएच, त्यावरून किती पाणी निघालं, उरलं किती, ते किती खारट झालं, आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या खारटपणाची सरासरी काढायची, ती ई च्या घाताने गुणायची, ऑस्मॉटिक दाब काढायचा, नवीन फ्लक्स काढायचा, परत सगळं. ए १.२ असताना चार-पाच फेऱ्यांत आकडा स्थिर होतो. पण मचूळ पाण्याचं किंवा एखादं जास्त ए असलेलं मेंब्रेन टाकलंत की हीच पद्धत वर-खाली उड्या मारायला लागते आणि कधीच थांबत नाही, लोक तासन्‌तास कोडमध्ये बग शोधत बसतात. बग नसतो, प्रत्येक फेरीत आकडा गरजेपेक्षा जास्त दुरुस्त होत असतो. तेव्हा सरळ बायसेक्शन वापरा : फ्लक्स ० आणि ए × (दाब − ऑस्मॉटिक दाब) यांच्या मध्ये कुठेतरी आहे हे नक्की, मग अर्धं-अर्धं करत जा. हळू आहे पण अडकत नाही.

एक तुकडा झाला की त्याचं उरलेलं पाणी पुढच्याचं आत येणारं पाणी, दाबातून ०.२ बार वजा (जाळीतून जाताना घर्षणात तेवढा जातो), आणि पुढे चला.

मी वरच्या आकड्यांवर हे हातानेच करून बघितलं. सात एलिमेंटचे फ्लक्स आले २९, २४.५, २०, १६, १२, ९ आणि ६ एलएमएच. एकाच व्हेसलमध्ये, एकाच मेंब्रेनमध्ये, पहिल्याचा फ्लक्स शेवटच्याच्या जवळजवळ पाचपट! एकूण गोड पाणी तासाला ४.३२ घनमीटर, रिकव्हरी ४८ टक्के, सरासरी फ्लक्स १६.७, आणि शेवटी बाहेर पडणारं ब्राइन लिटरला ६७ ग्रॅम. निम्म्याला थोडं कमी पाणी, ४६ टक्के, पहिल्या दोन एलिमेंटनीच काढलं. आता सुरुवातीचं ते १०.२ आठवा.

ही उतरती रांग नीट बघत बसा थोडा वेळ, कारण प्लांटवर होणाऱ्या बऱ्याच गोष्टी यात दिसतात. पुढची, म्हणजे तोंडाकडची, एलिमेंट जास्त पाणी खेचतात म्हणून घाण, जिवाणूंचा थर आधी तिथे धरतो. मागच्या एलिमेंटमध्ये पाणी सगळ्यात खारट आणि प्रवाह सगळ्यात मंद, म्हणून क्षारांचा कडक थर, स्केल, तिथे बसतो. आणि सरासरी फ्लक्स १६.७ म्हणून कुणी निवांत झाला तर पहिलं एलिमेंट २९ वर घासतंय हे त्याला कळणारच नाही.

मिठाचा हिशोब पण याच रांगेत करून घ्या. पहिल्या एलिमेंटचं गोड पाणी लिटरला ९५ मिलिग्रॅम मिठाचं येतं, सातव्याचं ६६० चं, सगळं एकत्र केल्यावर २१० च्या जवळ. पहिल्यात पाणी भरपूर आणि मीठ कमी, शेवटच्यात पाणी थोडं आणि मीठ जास्त. म्हणूनच काही प्लांट पुढच्या टोकाचं गोड पाणी वेगळं काढतात आणि फक्त मागचं दुसऱ्या आरओमधून परत फिरवतात, सगळं फिरवायची वीज वाचते. गोड पाण्यात बोरॉन किती चालेल याची अट असेल तर त्याचा बी वेगळा टाकावा लागतो, मिठाचा चालत नाही, कारण साध्या पीएचला बोरिक अ‍ॅसिड विद्युतभार नसलेलं असतं आणि मेंब्रेनमधून बरंच निसटतं, पीएच वाढवला की अडकतं.

पायरी ५ : आता वीज मोजा, आणि ब्राइनमधला दाब विसरू नका

साधा हिशोब : सगळं ९ घनमीटर पाणी ६० बारला चढवलं, पंपाची कार्यक्षमता ०.८८. ६० ÷ ३६ ÷ ०.४८ ÷ ०.८८, घनमीटरमागे ३.९५ युनिट. आणि बाहेर पडणाऱ्या ब्राइनमध्ये अजून ५८ बारच्या वर दाब शिल्लक आहे, तो व्हॉल्व्हमधून नुसता सोडून दिला.

प्रेशर एक्स्चेंजर लावला की तो दाब नव्याने येणाऱ्या पाण्याला देता येतो. चांगल्या यंत्रात ९५ टक्क्यांच्या वर ऊर्जा परत मिळते. मग मोठ्या पंपाला फक्त जेवढं गोड पाणी निघतं तेवढंच पाणी ६० बारला चढवायचं असतं : ६० ÷ ३६ ÷ ०.८८ = १.८९. उरलेल्या पाण्याला व्हेसलमध्ये आणि एक्स्चेंजरमध्ये जे काही बार हरवले, समजा ३, तेवढे बूस्टर पंपाने भरून द्यायचे, त्याचे ०.१ च्या आसपास. एकूण २.०. जवळजवळ अर्धी वीज वाचली, आणि मेंब्रेनला हात पण लावला नाही.

मॉडेलमध्ये इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. एक्स्चेंजरमध्ये ब्राइन आणि नवीन पाणी एकमेकांना लागून जातात, थोडं मिसळतं, आणि व्हेसलमध्ये जाणारं पाणी समुद्रापेक्षा दोन-तीन टक्के जास्त खारट होतं. म्हणजे शेवटच्या टोकाचं उत्तर परत पहिल्या टोकाला येऊन चिकटलं. त्यामुळे चौथ्या पायरीच्या बाहेरून अजून एक लूप घाला : खारटपणा धरा, चाला, ब्राइन काढा, मिसळा, नवीन खारटपणा, परत चाला. तीन-चार फेऱ्यांत जुळतं.

आणि हो, ४८ टक्के रिकव्हरीचा तळ पहिल्या पायरीच्या सूत्राने काढून बाजूला लिहा : एका टप्प्याचा १.४६, आदर्श १.०३. आपलं २.० तळाच्या वर आहे, म्हणजे निदान निसर्गाचा नियम मोडलेला नाही.

पायरी ६ : तापमान आणि वय, थोडक्यात

पाणी १ अंशाने तापलं की ए साधारण ३ टक्क्यांनी वाढतो, बी पण वाढतो आणि ऑस्मॉटिक दाब पण थोडा चढतो. थंडीत दाब जास्त लागतो, उन्हाळ्यात क्वालिटी घसरते, म्हणून दोन्ही टोकांच्या तापमानाला मॉडेल चालवा, नुसतं २५ अंशाला नाही. मेंब्रेन जुनं झालं की ए कमी करा, बी वाढवा, जाळीतली दाबाची घट वाढवा आणि परत चालवा. नव्या कोऱ्या मेंब्रेनचा आकडा रिपोर्टमध्ये एकटा कधीच देऊ नका.

पायरी ७ : खरे आकडे कुठून आणायचे आणि मॉडेल तपासायचं कसं

ए आणि बी कंपन्या सहसा थेट छापत नाहीत. डेटा शीटवर मिळतं ते असं : ३७ चौरस मीटरचं एलिमेंट, लिटरला ३२ ग्रॅम मीठ, ५५ बार, २५ अंश, ८ टक्के रिकव्हरी, आणि समजा दिवसाला २८ घनमीटर पाणी. यावरून उलटं जायचं. फ्लक्स ३१.५. मेंब्रेनलगतचं मीठ विसरून काढलात तर ए येतो १.१, आणि के १४४ धरून काढलात तर १.४. केवढा फरक बघा! कोणता बरोबर? तुमच्या मॉडेलमध्ये लगतचं मीठ धरलंय तर १.४, नाही धरलं तर १.१. ज्या हिशोबाने काढलात त्याच हिशोबाने वापरायचा. एका पेपरमधला ए घेऊन दुसऱ्याच्या के बरोबर लावायचा हा प्रकार मी फार बघितलाय, आणि मग निकाल का जुळत नाही म्हणून आठवडा जातो.

तपासायला मी चार गोष्टी करते. आत गेलेलं मीठ तासाला ३१५ किलो, ब्राइन आणि गोड पाणी मिळून तेवढंच बाहेर आलं पाहिजे. तुकडे दुप्पट केले, प्रत्येक एलिमेंटचे दोन, की उत्तर फारसं हलता कामा नये. ए खूप मोठा केला की शेवटच्या टोकाचा ऑस्मॉटिक दाब दिलेल्या दाबाला जाऊन टेकला पाहिजे, पण ओलांडता कामा नये. आणि बी शून्य केला की गोड पाण्यात शून्य मीठ. या चारही जमल्या की मगच मेंब्रेन कंपन्यांच्या फुकट मिळणाऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरबरोबर तुलना करा, ड्यूपाँटचं वेव्ह आहे, हायड्रानॉटिक्सचं आयएमएस डिझाइन आहे. पाच-दहा टक्क्यांचा फरक आला तर घाबरू नका, पण तो सगळीकडे एकाच बाजूला येत असेल तर ए किंवा ऑस्मॉटिक दाबाचं सूत्र परत बघा.

पुढे मोठं मॉडेल करायचं असेल, खर्चासकट सगळ्यात चांगला दाब शोधायचा असेल, तर वॉटरटॅप नावाचं मोफत, खुलं पायथन पॅकेज आहे, पायोमो आणि आयडीएईएस या मॉडेलिंगच्या खुल्या पायथन साधनांवर उभं केलेलं. पण आधी हे सात ओळींचं शीट स्वतः बनवा, नाहीतर त्याने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे सांगायला तुमच्याकडे काहीच नसेल.

पायरी ८ : आता मॉडेलला प्रश्न विचारा

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, जादूचं मेंब्रेन आलं, ए कितीही मोठा, तर किती वीज वाचेल? याचं उत्तर तुमच्याकडे आधीच आहे. ४८ टक्के रिकव्हरीला ब्राइनचा ऑस्मॉटिक दाब ५२.५ बार, आपण देतोय ६०. म्हणजे अनंत ए असला तरी ६० चे फार तर ५२.५ होतील, साडेबारा टक्के. समुद्राच्या पाण्यात मेंब्रेन आता तळाच्या इतकं जवळ आलंय की नवीन मेंब्रेनने एवढंच मिळतं, म्हणून "दसपट वेगवान मेंब्रेन" अशी बातमी वाचली की मी आधी बघते ती कोणत्या पाण्यासाठी आहे. मचूळ पाण्यात गोष्ट वेगळी, तिथे ऑस्मॉटिक दाब थोडासाच असतो, बहुतेक दाब मेंब्रेनमधून पाणी ढकलायलाच जातो, तिथे ए वाढला की वीज खरंच धडाधड उतरते. समुद्राच्या पाण्यात जास्त ए चा फायदा घ्यायचा तर तेवढ्याच विजेत कमी व्हेसल लावून घेता येतो, जागा आणि भांडवल वाचतं. पण मग फ्लक्स वाढतो, फ्लक्स वाढला की लगतचं मीठ ई च्या घाताने वाढतं आणि फायदा खात जातं, हे पण तुमचं मॉडेलच दाखवेल.

दुसरा प्रश्न, टप्पे केले तर? ५० टक्के रिकव्हरी दोन टप्प्यांत, आधी ३८.६ बारवर २९ टक्के पाणी काढा, मग उरलेल्याला ५४.६ बारपर्यंत चढवून बाकीचं काढा. आदर्श हिशोबात १.५२ चे १.२६ होतात. मेंब्रेन तेच, नुसता दाब उशिरा दिला. यात मधला पंप, त्याची कार्यक्षमता, जास्तीची पाइपलाइन टाका आणि बघा १.२६ मधला किती फायदा खरा उरतो. एकच पाणी फिरवत फिरवत दाब हळूहळू वाढवणाऱ्या बॅच आरओ आणि क्लोज्ड सर्किट पद्धती याच विचाराच्या आहेत, फक्त तिथे तुकडे लांबीचे नसून वेळेचे करावे लागतात आणि मागच्या फेरीचं राहिलेलं ब्राइन हिशोबात धरावं लागतं.

तिसरा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडतो. पुढच्या एलिमेंटना एवढं राबवायची गरज आहे का? पहिल्या दोन एलिमेंटचा ए १.२ वरून ०.९ करा, म्हणजे मुद्दाम घट्ट मेंब्रेन लावा, बाकी सगळं तसंच ठेवा आणि परत चाला. मी चालून बघितलं : फ्लक्स आले २३, २१, २२, १७.५, १३.५, १० आणि ७. पहिल्याचा भार २९ वरून २३ वर उतरला, मागच्यांनी ते काम उचललं कारण त्यांच्यापर्यंत आता कमी खारट पाणी पोचतंय, आणि एकूण गोड पाणी ४.३२ वरून फक्त ४.२३ झालं. दोन टक्के. एकाच व्हेसलमध्ये वेगवेगळी मेंब्रेन लावायची ही पद्धत प्लांटमध्ये खरंच वापरतात. आता तुमच्या शीटमध्ये शेवटच्या तीन एलिमेंटचा ए २ करून बघा, आणि मिठाच्या रांगेत सातव्या एलिमेंटचं काय होतं तिकडे पण नजर ठेवा, कारण ए वाढवून मिळणाऱ्या मेंब्रेनचा बी सहसा बरोबरच वाढलेला असतो.